उसन्या 'श्री'तलं खोटं टिंब

माझ्या सासरी सगळ्यांचं एका बाबतीत एकमत आहे, की ही बाई संशयी आहे. दूधवाल्याचं माप वाकून बघते, रिक्षावाल्याने वळण बदललं की लगेच हटकते, आणि फोनवर कुणी गोड आवाजात "मॅडम, अभिनंदन" म्हणालं की कशाबद्दल ते ऐकायच्या आधी फोन ठेवते. म्हणोत बापडे. मी संशयी नाही, मी पेंटरची मुलगी आहे. त्यातून आमच्या दादांची. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. आमच्या घरात मुळात ते ताकच आहे का, इथून सुरुवात व्हायची.

दादा म्हणजे माझे वडील. नगरला माळीवाड्याच्या स्टँडपासून जवळ त्यांचा बोर्ड रंगवायचा गाळा होता. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा दादा शाळकरी होते, आणि गावच्या विहाराच्या भिंतीवरचं पहिलं नाव त्यांनीच लिहिलं होतं, कपड्याच्या निळीने. ती निळी अक्षरं बघून कुणीतरी म्हणालं, या पोराला नगरला धाडा. मग दादा कापडबाजारातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे शिकायला आले. उस्तादांकडे नेवाशाकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगाही शिकत होता. दोघांनी एका डब्यात ब्रश धुतले, एका फडक्याला हात पुसले. ते आमचे नेवाशाचे काका. पुढे काकांनी नेवाशात दुकान टाकलं, दादा नगरला राहिले.

आता खाका म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. साध्या अक्षराला नुसता हात पुरतो. पण ठेवणीतलं अक्षर असेल तर ते आधी कागदावर काढायचं, त्याच्या कडेकडेने सुईने टोचत जायचं, मग तो कागद बोर्डावर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. कागद उचलला की बोर्डावर टिंबाटिंबांचं अक्षर उमटलेलं असतं. टिंबं जोडली, आत रंग भरला, की झालं. त्या टोचलेल्या कागदाला आम्ही खाका म्हणायचो. पेंटरची सगळी इस्टेट म्हणजे त्याचे खाके. आमचे एका पत्र्याच्या ट्रंकेत असत आणि त्या ट्रंकेवर दादा बसत.

त्यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे 'श्री'चा. किराणा असो की कटिंग सलून, बोर्डाची सुरुवात 'श्री'नेच. आमच्या घरात देवाचा फोटो नव्हता, पण नगरच्या निम्म्या दुकानांवरचा 'श्री' दादांच्या हातचा होता. त्याची वेलांटी अशी काही झोकात वर जाऊन खाली यायची, की लांबूनही कळायचं हे काम कुणाचं. लोक मुद्दाम म्हणत, "बाकी काहीबी लिवा, पर श्री तुमचाच पायजे."

पेंटर एकमेकांचे खाके उसने नेत. नाही म्हणता येत नसे, उद्या आपल्यालाही लागतो. पण उस्तादांनी दोघांना एक रीत शिकवली होती. उसना खाका कधी पुरा द्यायचा नाही. त्याची नक्कल काढायची आणि त्यात एक टिंब ज्वारीच्या दाण्याएवढं बाजूला टोचायचं. एकच. नेणारा जसंच्या तसं जोडत गेला, की त्याच्या रेषेला तिथे किंचित पोट येतं. गिऱ्हाइकाला दिसत नाही, आपल्याला मात्र रस्त्याच्या पलीकडून कळतं की हा आपला खाका, इथे फिरतोय. आणि नेणारा जर भरवशाचा माणूस असेल, तर खाका देताना त्याला ते खोटं टिंब दाखवून द्यायचं. "हे सोडून जोड," एवढंच म्हणायचं. आमच्या धंद्यात याच्यापलीकडे जिवाभावाची खूण नव्हती.

दादांनी हे टिंब कुणाकुणाला दाखवलं ते मला माहीत नव्हतं. काकांना दाखवलं असणार, यात मला कधी शंका आली नाही. शंका न येण्याची ती आयुष्यातली एकच वेळ, आणि तिथेच मी फसले.

एक गोष्ट मात्र लहानपणापासून बघत आले होते. नेवाशाच्या रस्त्यावर एक गाव लागतं. तिथल्या देवळाच्या कमानीवर काकांनी तरुणपणी रंगवलेला मोठा 'श्री' आहे. तो एसटीतूनही दिसतो. पण ते गाव आलं की दादा दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत. मला वाटायचं, उन्हामुळे बघत असतील.

नव्वदचं दशक संपत आलं तसा दादांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात, मग ब्रशात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप आली, थरथर गेली नाही. मी तेव्हा त्यांच्याबरोबर दुकानात बसायला लागले होते. आधी नुसता रंग भरायचे, मग टिंबंही मीच जोडायला लागले. गिऱ्हाइकाला हे सांगायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलं होतं. गिऱ्हाईक आलं की दादा ब्रश हातात धरून ट्रंकेवर बसत, ते गेलं की ब्रश माझ्याकडे देत. दादांचं अक्षर जाईल, याची मला मनातून फार भीती वाटायची. अक्षर गेलं की दादा गेले, असंच मी धरून चालले होते.

त्यातच स्टँडच्या कोपऱ्यावर एक दुकान उघडलं. 'रेडियम कटिंग, झेरॉक्स, इंटरनेट.' चकचकीत काच, आत पंखा, दोन कॉम्प्युटर. चालवणारा एक तरुण होता. मशीन कुर्रकुर्र करत चिकटपट्टीतून अक्षरं कापायचं आणि हा ती गाड्यांच्या काचांवर, नंबरप्लेटवर चिकटवायचा. आम्ही एक बोर्ड वाळवतो तेवढ्यात याच्या दहा गाड्या पार. आणि अक्षरं कसली! सगळी आखूड, ठोकळ्यासारखी, जीव नसलेली. तरी रांग तिथेच. तो मला रस्त्यात दिसला की "नमस्कार ताई" म्हणायचा. धंद्यातला वैरी नमस्कार करायला लागला की आपण चप्पल आवळून घालावी, असं माझं मत होतं आणि आहे.

एका गुरुवारी नेवाशाचे काका आले ते नवं खूळ डोक्यात घेऊनच. पुण्याला पुतण्याकडे गेल्ते, तिथे त्याने त्यांना इंटरनेट दाखवलं.

"आरं, चित्रं ठिवायची जागा आस्ती तितं," काका दादांना सांगत होते. "तू तुजा खाका ठिवायचा, मी माजा ठिवायचा. श्रीगोंद्याच्या पेंटरला बैलजोडी पायजे, त्यानं तितनं घ्यायची. मला ऊस पायजे, मी त्याचा घ्यायचा. कुनी अर्धं काढून ठिवलं तर दुसऱ्यानं पुरं करायचं. रेडियमवाल्यांनी आपल्याला खाल्लं ते आपन येकयेकटे ऱ्हायलो म्हनून!"

"आन त्या जागंची किल्ली कुनाकडं?" दादांनी विचारलं.

मग ठरलं, जाऊन बघू. आणि जायचं कुठे, तर त्याच रेडियमवाल्याकडे, कारण स्कॅनर अख्ख्या स्टँडभागात त्याच्याच दुकानात होता. मी म्हटलं, वा, वाघाच्या गुहेत जाऊन शेळी विचारणार, बाबा रे, मला लपायला जागा दाखव. पण दादा शर्ट बदलून तयारही झाले होते.

त्याने खुर्च्या पुसून दिल्या. आम्हाला तीन जागा दाखवल्या. पहिली, एका परदेशी कंपनीचं पान. फुकट मिळतं, आपल्या नावाने सजवायचं, येणाराजाणारा बघतो आणि खाली अभिप्राय लिहितो.

"फुकट का?" दादा.

"वर त्यांच्या जाहिराती येतात, बाबा."

"म्हंजे भिंत माजी, आन बोर्ड त्यांचा. बिडीवाले शेतकऱ्याच्या घरावर रंगवत्यात तसं."

रेडियमवाला हसला. मी नाही हसले.

दुसरी जागा म्हणजे मेलचा ग्रुप. ज्यांना घेऊ ते मेंबर, सगळ्यांची मिळून एक पेटी, मेंबराने तीत टाकायचं आणि तीतून घ्यायचं. काकांचा जीव या पेटीत अडकला होता.

"घेतलेला माल परत कसा मागायचा?" दादांनी विचारलं.

"परत मागायची गरजच नाही. कॉपी जाते, मूळ तुमच्याकडेच राहतं."

"आन कॉपी घेतलेला आनखी कुनाला देतो?"

"देऊ शकतो," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

तिसरी जागा पुण्याच्या कुणा मंडळींची. महाराष्ट्रातल्या कलावंतांसाठी, म्हणे. चित्रं पाठवायची, त्यातली ते निवडणार, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आपला शिक्का मारणार. शिक्का कशाला, तर चोरी होऊ नये म्हणून.

"कुनाची चोरी?" दादा म्हणाले. "त्यांची का माजी?"

मला तिन्ही जागा सारख्याच वाटत होत्या. चकचकीत आणि दार नसलेल्या. मी दादांना बाहेर घेऊन म्हटलं, "चला घरी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशातली गत होईल." पण काकांचा चेहरा बघवत नव्हता, जत्रेत आलेल्या पोराला पाळण्यावर बसू दिलं नाही तसा झाला होता. दादांनी काचेतून काकांकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "येक श्री सोडून बघू. तीन जागी तीन खाके. तिन्हीत टिंब येगळं."

काय डोकं होतं माणसाचं! मी रात्रंदिवस उगीच हात चोळत होते, त्यांनी एका वाक्यात सापळा लावला. मीच घरच्या खाक्यावरून तीन नकला काढल्या. पहिल्यात श च्या गाठीजवळचं टिंब सरकवलं, दुसऱ्यात शेपटाचं, तिसऱ्यात उभ्या दांडीचं. नगर जिल्ह्यात जिथे कुठे वाकडा 'श्री' उगवेल, तिथे आम्हाला कळणार होतं की कुठल्या जागेला गळती आहे. घरचा खरा खाका ट्रंकेत आणि ट्रंकेवर दादा.

काकांना मी हे काही सांगितलं नाही. सांगायचं तर दादा सांगतील, ते त्यांच्यातलं.

रेडियमवाल्याने कागद स्कॅन केले. करण्याआधी तिन्ही एकमेकांवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले आणि बराच वेळ बघत राहिला. मग दादांकडे बघितलं. काय बघण्यासारखं होतं त्यात? मी त्याच्या हातातून कागद ओढूनच घेतले.

मग माझी पहाऱ्याची ड्यूटी सुरू झाली. दर आठवड्याला जाऊन मी तिन्ही जागा तपासायचे. फुकटच्या पानावर कुणा परदेशी माणसाने इंग्रजीत विचारलं होतं की हा कुठला पक्षी आहे. पुण्याच्या मंडळींनी आमचा 'श्री' निवडलाच नाही, शिक्क्याचा प्रश्नच मिटला. ग्रुपच्या पेटीत काकांनी पोपट, आंब्याची डहाळी, नांगर, काय काय टाकलं होतं. श्रीगोंद्याच्या पेंटरने उसाची मोळी टाकली होती, आणि काकांनी त्या मोळीला बैलगाडी जोडून परत टाकली होती. मोळी त्याची, गाडी यांची, आणि चित्र खरंच झकास झालं होतं. मला आवडलं, म्हणून जास्तच राग आला. या लोकांना एवढा विश्वास परवडतो तरी कसा?

आणि रस्त्याने जाताना माझी मान कायम वर. दिल्ली गेटपासून झेंडीगेटपर्यंत एकेका बोर्डाचा 'श्री' बघायचे. एकदा बघताबघता गटारात पाय गेला. महिने गेले. आमचे वाकडे 'श्री' तिथेच लटकत होते आणि त्यांना हात लावायला चोर काही येत नव्हता. खरं सांगू? मला अपमान वाटायला लागला होता.

आणि मग एका सकाळी स्टँडसमोर तो टेम्पो उभा दिसला. नवा कोरा, पुढच्या काचेवर लाल रेडियमचा 'श्री'. वेलांटी झोकात वर गेलेली. मी तशीच जवळ गेले. गाठ बघितली, सरळ. शेपूट बघितलं, सरळ. दांडी, सरळ. कुठेच पोट नाही. आमचा 'श्री' आणि त्यात एकही खोटं टिंब नाही.

माझा विश्वास बसेना. गाळ्यावर पळाले. दादा दाढीला गेल्ते, ट्रंक उघडून खरा खाका काढला, ओढणीखाली धरून परत आले, आणि टेम्पोच्या काचेवर लावला. टिंबाला टिंब बसलं. अगदी मापालाही.

"ओ ताई, काय चाललंय? काचेला काय लावताय?" ड्रायव्हर ओरडला.

"लिंबू-मिरची लावत नाहीये, घाबरू नका!" मी पण ओरडले, आणि निघून आले.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. बोर्डावर बघून उतरवलेलं हे काम नव्हतं, बोर्डावर ब्रश थोडा फुगतो, थोडा घसरतो, आणि माप तर कधीच इतकं जुळत नाही. हे खाक्यावरून घेतलेलं होतं, आणि खरं टिंब माहीत असलेल्या माणसाने. अशी माणसं तीन. दादा, मी, आणि ज्यांना दादांनी दाखवलं असणार ते. घरचा भेदी म्हणतात तो हा. म्हणूनच काकांना त्या पेटीचा एवढा पुळका! आमचाच ब्रश धुतलेल्या पाण्याने हात धुऊन, त्या मशीनवाल्याशी संधान! मला रात्री झोप लागली नाही. दादांना काही बोलले नाही. त्यांचा हात आधीच थरथरत होता, त्यात हे कुठे सांगू?

गुरुवारी काका आले. नेहमीसारखे दारातूनच "पोरी, चहा टाक" म्हणाले. मी टाकला, आणि कप त्यांच्यापुढे असा आपटला की चहा बशीत सांडला.

त्यांनी घोट घेतला. "साखर इसरलीस व्हय?"

"मी काही विसरले नाही, काका. तुम्ही विसरलात."

"काय?"

"कुणाचं मीठ खाल्लं ते. दादांनी भरवशाने टिंब दाखवलं तुम्हाला, आणि तुम्ही ते जाऊन रेडियमवाल्याला दिलंत. स्टँडवर टेम्पो उभा आहे, जा, बघून या. आमचा 'श्री' आहे काचेवर, एकही टिंब वाकडं नाही!"

दादा ट्रंकेवरच बसले होते. काका कप हातात धरून नुसते माझ्याकडे बघत होते.

"कंचं टिंब?" ते म्हणाले.

"श्रीतलं खोटं टिंब!"

"आमच्या श्रीत खोटं टिंब हाय?"

ते नाटक करत नव्हते. मला माणसाचा चेहरा वाचता येतो, संशयाचा तेवढा तरी फायदा आहे. त्यांनी कप खाली ठेवला, पिशवीतून आपला खाका काढला. मागे कापड डकवलेला, कोळशाने काळा पडलेला, दादांनी तरुणपणी दिलेला. दारातल्या उजेडात धरून ते टिंबामागून टिंब बघत गेले. एकदा बघितलं, उलटा करून परत बघितलं.

"मला तर कायबी दिसंना," ते म्हणाले. "मी समदी टिंबं जोडत आलो. येकबी सोडलं न्हाई. दुकानातल्या पोरांना सांगायचो, हे माज्या दोस्ताचं अक्षर हाय, जसंच्या तसं काढायचं, आपली अक्कल लावायची न्हाई." त्यांनी खाका खाली घेऊन दादांकडे बघितलं. "म्हंजे आख्ख्या नेवाशात मी वाकडाच श्री काढतोय व्हय रं?"

दादांनी मान हलवली. हो.

माझं डोकं चालेना. काकांना माहीत नव्हतं, मी दिलं नव्हतं. "मग त्या मशीनवाल्याला कुणी दिलं?"

"म्या दिलं," दादा म्हणाले.

मी भिंगारला शाळेची भिंत रंगवायला गेले होते, तेव्हा दादा खरा खाका घेऊन एकटे त्याच्या दुकानात गेले होते. त्याच्या शेजारी बसून त्यांनी तो मशीनमध्ये घालून घेतला होता, आणि मशीनने कापलेला पहिला, बोटाएवढा 'श्री' हातात घेऊन घरी आले होते. तो त्यांनी खिशातून काढून दाखवला. पाकिटात घडी पडणार नाही असा नीट ठेवला होता.

मला रडू आलं, रागानेच. "का, दादा? माझ्याकडे होता ना तो! मी काढतेय ना!"

"तुजा श्री लई चांगला हाय," दादा म्हणाले. "पर त्यो तुजा झालाय. टिंबं माजी आन हात तुजा. मला कळतं की ग. माजा आता माज्याच्यानं बी निघत न्हाई. मशीनचा हात हालत न्हाई." मग म्हणाले, "आन त्या पोरानं इचारलं. तिन्ही कागद बघितले आन म्हनाला, बाबा, ह्यातलं खरं कंचं? इतक्या वर्सांत मला कुनी इचारलं न्हवतं."

"मला न्हाई सांगितलंस, आन त्या पोराला सांगितलंस?" काका म्हणाले.

"तू कदी इचारलंस?"

"मला काय ठावं की इचारायचं आस्तंय! तुज्यावर भरवसा हुता माजा."

"कमानीच्या टायमाला तरी ठावं हुतं की."

बाहेर एसटीच्या कंडक्टरने बेल मारली. आणि मग दादांनी, माझ्याकडे न बघता, ती गोष्ट सांगितली. मी ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

उस्तादांनी दोघांना कमान रंगवायला धाडलं होतं. डबे, ब्रश, शिडी, सगळं दोघांनी मिळून वाहून नेलं. गावाच्या तोंडाशी लोकांनी आडनावं विचारली. दादांना चिंचेखाली थांबायला सांगितलं, काकांना आत बोलावलं. काका म्हणाले, श्रीचा खाका दे. दादांनी चिंचेखाली बसून नक्कल टोचली आणि दिली. काका आत गेले, कमान रंगवली, संध्याकाळी बाहेर आले. दोघांनी एका फडक्यातली भाकरी खाल्ली आणि चालत निघाले.

"अक्षर माजं आत गेलं आन मी भाईर बसलो," दादा म्हणाले. "तू आलास, ऊन लई हुतं म्हनालास, रंग पातळ झाल्ता म्हनालास. समदं बोललास. पर मी भाईर का बसलो, ते इचारलं न्हाईस."

"मला ठावं हुतं रं, का ते."

"म्हनून तर. ठावं आसताना इचारलं न्हाईस."

मला तेव्हा कळलं की दादांनी कॉम्प्युटरसमोर बसून इतके प्रश्न का विचारले. किल्ली कुणाकडे, भिंत कुणाची, आत कोण येतं. मी समजत होते ते माझ्यासारखेच चोराला भितात. चोराची त्यांना काय भीती?

काका उठले, आपला काळा खाका घेऊन ट्रंकेसमोर जमिनीवर उकिडवे बसले, आणि तो दादांच्या मांडीवर पसरला.

"आता इचारतो," ते म्हणाले. "कंचं?"

दादांनी उजवा हात उचलला. बोट वेलांटीवर नेलं, पण ते एका जागी ठरेना. थरथरत या टिंबावरून त्या टिंबावर जात राहिलं, शिरोरेघेवर आलं, परत वर गेलं. काकांच्या नकलेतलं टिंब मला माहीत नव्हतं, मी काही करू शकत नव्हते. काकांनी हात पुढे केला आणि दादांचं मनगट धरलं. घट्ट. बोट थांबलं, आणि हळूच वेलांटीच्या पोटातल्या एका टिंबावर टेकलं.

"हे व्हय," काका म्हणाले. नाकाने जोरात श्वास घेतला. "आन कमानीवर?"

"तितंबी हेच."

"उद्या जातो. शिडी लावून सरळ करतो. तू बी चल, आत खुर्ची टाकून बस आन सांग. बगतो कोन आडवतंय ते."

"न्हाई," दादा म्हणाले. "कमानीला हात लावू नको."

"आरं, पर वाकडं हाय ना!"

"ऱ्हाऊ दे वाकडं. तितं आत माजं तेवढंच हाय."

काकांनी मनगट सोडलं नाही, बसून राहिले तसेच. मी कप उचलला आणि चहा परत टाकला, साखर घालून.